आडगाव नाक्याला उतरणारा माणूस

एकाच बसने सव्वीस वर्षं कामावर गेलं की किस्से आपोआप साचतात. ओझरच्या कारखान्यात मी स्टोअरला क्लार्क होतो. बसच्या मागच्या सीटवर आमचं त्रिकूट ठरलेलं: मी, फिटर पगारे आणि मशीन शॉपचा खैरनार. आता तिघंही रिटायर झालो. हे किस्से मी पूर्वी हसत सांगायचो, आता सांगताना मध्येच थांबतो.

* * *

पगारेचं घर द्वारका चौकापाशी, आमच्या शेजारच्याच गल्लीत. पण संध्याकाळी परत येताना तो दोन स्टॉप आधी, आडगाव नाक्यालाच उतरायचा आणि उरलेलं अंतर चालत जायचा. पाऊस असो, ऊन असो. आम्ही त्याला वेड्यात काढायचो.

एकदा द्वारकेच्या चौकात अशी ट्रॅफिक तुंबली की बस जागची हलेना. शेवटी आम्ही उतरलो, तर समोरून पगारे येतोय. अंघोळ झालेली, हातात भाजीची पिशवी.

"आलात का?" त्याने विचारलं, "मी मेथी घ्यायला निघालो होतो."

* * *

त्याच्या डब्यात बहुतेक वेळा नागलीची, म्हणजे नाचणीची भाकरी आणि पालेभाजी. खैरनार कँटीनमधून वडे आणायचा आणि त्या काळ्या भाकरीकडे बघून म्हणायचा, "पगारे, हे पेठच्या डोंगरातलं खाणं. आपण पगारदार माणसं!"

पगारे शांतपणे घास चावत राहायचा. एकदा म्हणाला, "डोंगरातल्या माणसाला जेवणानंतर गोळी शोधताना पाहिलंस कधी?"

खैरनारचा हात तेव्हा खिशात अ‍ॅसिडिटीची गोळी शोधत होता. सगळ्यात मोठ्याने तोच हसला.

* * *

खैरनार सटाण्याकडचा. घर बांधायला काढलं होतं, म्हणून सारखा ओव्हरटाइम. चार तास झोप पुरते, असं अभिमानाने सांगायचा. कुणी काळजीने काही बोललं की छाती ठोकून अहिराणीत म्हणायचा, "मनी तब्येत घोडासारखी शे."

एका संध्याकाळी तो बसमध्ये गाढ झोपला. मी सगळ्यांना खूण केली, कुणी उठवायचं नाही. आम्ही उतरलो आणि तो थेट बस पार्क करायच्या मैदानात पोचला. ड्रायव्हरने हलवलं तेव्हा घाबरून म्हणाला, "हजेरीचं कार्ड पंच झालं का?"

हा किस्सा शॉपमध्ये महिनाभर चालला. बसलेला माणूस इतका मेल्यासारखा का झोपतो, हे आमच्यापैकी एकालाही विचारावंसं वाटलं नाही.

* * *

मग रिटायर व्हायला आठेक वर्षं उरली असताना कारखान्यातल्या तपासणीत त्याचं बीपी वाढलेलं निघालं. डॉक्टर म्हणाले, मीठ कमी करा, झोप पुरी घ्या, रोज चाला आणि पुन्हा दाखवायला या.

दुसऱ्याच दिवशी खैरनार पगारेबरोबर आडगाव नाक्याला उतरला. पांढरे बूटही घेतले होते. अकरा दिवस दोघं चालले. बाराव्या दिवशी ते उतरल्यावर मी खिडकीतून डोकं काढून ओरडलो, "काय रे खैरनार, डॉक्टरनं एवढं घाबरवलं?"

सगळी बस हसली. तोही हसला, हात केला.

तेराव्या दिवशी तो माझ्या शेजारी बसून राहिला. आडगाव नाका आला, पगारे एकटाच उतरला.

"पाय दुखतात यार," खैरनार म्हणाला.

मी त्याला तंबाखूची पुडी पुढे केली.

* * *

रिटायर होऊन दोन महिने झाले असतील. सकाळी खैरनारवहिनींचा फोन आला, "भाऊजी, हे बाथरूममध्ये पडलेत." उजवी बाजू पूर्ण गेली होती, बोलणंही.

दवाखान्याच्या बाकावर मी आणि पगारे बसलो होतो. माझ्याच्याने राहवेना. म्हणालो, "पगारे, त्या दिवशी मी ओरडलो नसतो तर..."

तो जमिनीकडे बघत म्हणाला, "तू ओरडलास, खरं आहे. पण दुसऱ्या दिवशी तो उतरला नाही तेव्हा मी मागे वळून 'चल' म्हणालो नाही. मला वाटलं, येईल आपणहून."

* * *

आता खैरनार बऱ्यापैकी चालतो. पाय ओढत, पण चालतो. सकाळी कॉलनीच्या बागेत पगारे त्याच्या उजव्या बाजूला, मी डाव्या. जीभ अजून जड आहे. एका वाक्याला आमची अर्धी फेरी होते.

गेल्या आठवड्यात चाळिशीचा एक जाडसर गृहस्थ बागेत आला. ट्रॅकसूटवर दुकानातल्या घड्या तशाच होत्या. दोन फेऱ्यांत धापा टाकायला लागला. आमच्याजवळ थांबला आणि खैरनारकडे बघून कौतुकाने म्हणाला, "काका, तुम्ही रोज येता?"

खैरनारने मान हलवली. ओठ जुळवायला वेळ घेतला. आम्ही दोघं थांबलो.

"रोज येतो," तो म्हणाला, "पण... नऊ वर्षं... लेट आलो."

"म्हणजे?" त्या गृहस्थाने माझ्याकडे बघितलं.

खैरनारने त्याच्या पाठीवर डावा हात ठेवला आणि त्याला हळूच पुढे ढकललं.