परक्या बंदरातलं गाऱ्हाणं

माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, हे पेडण्यात सगळ्यांना ठाऊक आहे. त्यामुळे मुलीकडे कॅरेबियनमध्ये आठ दिवस सुटीला जायचं ठरलं, तेव्हा बायकोने आधीच बजावलं, ‘थंय जावन तोंड सांभाळा.’ मी हो म्हटलं. पण माझ्या मनात सुटी नव्हतीच. मी पोरीला परत आणायला निघालो होतो.

आमची एकुलती एक मुलगी अँटिग्वाच्या एका जुन्या बंदरात शिडं शिवते. इंजिनियरिंग केलेली पोर सुई-दोरा घेऊन बसली, हे बाजारात कुणाला सांगायची मला लाज वाटायची. ‘बोटींच्या कंपनीत आहे’ एवढंच म्हणून मी विषय बदलायचो.

बंदर मात्र पाहताक्षणी आवडलं, आणि आवडलं म्हणून मी आणखी चिडलो. इंग्रजांच्या आरमाराने बांधलेल्या दगडी इमारती, बोटींचे दोर बांधायला धक्क्यावर उलट्या पुरलेल्या तोफा. एका जागी नुसतेच जाडजूड दगडी खांब उभे, वर छप्पर नाही. तिथे पूर्वी शिडं शिवत, असं मुलीने सांगितलं. केरीहून तेरेखोलला जाणारी फेरीबोट सोडली तर मी कधी पाण्यावर गेलेला माणूस नव्हे. पण इथे सकाळी चहाचा कप घेऊन धक्क्यावर बसलो की दहा कधी वाजले ते कळायचं नाही. बायको तर दोन दिवसांत एका मासळीवालीची मैत्रीण झाली. हिला तिची भाषा येत नव्हती, तिला हिची. पण कुठला मासा ताजा आणि कुठला कालचा, यावर दोघींचं एकमत व्हायचं.

तिसऱ्या दिवशी मी विषय काढलाच. म्हापशाला चांगली नोकरी मिळेल, गावात घर आहे, आम्ही आता म्हातारे होतोय, सगळं एका दमात सांगितलं. पोरीने मांडीवरचं शीड बाजूला ठेवलं.

‘तू म्हटलंस तर मी परत येतंय, बाबा. पण शनिवारची शर्यत होऊ दे. मगे रागान न्हय, मनान सांग.’

तिने पहिल्यांदाच एक आख्खं मोठं शीड एकटीने कापून शिवलं होतं, आणि ते शनिवारी एका लाकडी बोटीवर चढणार होतं. मी ‘बरं’ म्हटलं. खरं तर मी जिंकलो होतो. आणखी दोन-तीन दिवस थांबायला माझं काय जात होतं?

शर्यतीचं आधीच सांगून टाकतो: नंबर शेवटून दुसरा आला आणि शीड टिकलं. पण मला सांगायचंय ते त्या दिवशी सकाळचं.

बोटीची मालकीण म्हणजे पांढऱ्या वेण्यांची, सत्तरीतली एक खणखणीत बाई. नवीन शीड चढवताना तुमच्याकडे काय करतात, असं तिने मुलीला विचारलं. मुलगी माझ्याकडे वळली. ‘बाबा, गाऱ्हाणां तू घाल.’

गाऱ्हाणं म्हणजे तोंडातल्या तोंडात पुटपुटायची प्रार्थना नव्हे. देवाकडे जे मागायचं ते सगळ्यांच्या देखत, मोठ्याने मागायचं, आणि जमलेल्यांनी प्रत्येक मागणीला ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. त्याला नारळ हवा. नारळवाला धक्क्यावरच होता, पण त्याने मांडलेले सगळे नारळ तासून गुळगुळीत केलेले. शेंडीच नाही! असला नारळ देवापुढे ठेवायचा? मी त्याला मराठीत झापलं, त्याने मला त्याच्या भाषेत. शेवटी मी त्याचाच कोयता घेतला आणि मागच्या ढिगातला न सोललेला एक नारळ शेंडी राखून झकास सोलून दाखवला. त्याने टाळ्या वाजवल्या आणि धंदा तसाच टाकून तोही आमच्याबरोबर आला.

मुलीने मालकिणीला आणि पाच खलाशांना ‘व्हय म्हाराजा’ शिकवून ठेवलं होतं. मी चपला काढल्या, नारळ हातात घेतला आणि आमच्या ग्रामदेवाला हाक मारली.

‘बा रवळनाथा, म्हाराजा! आज ह्या परक्या मुलखात तुजी लेकरां तुज्यासमोर उबी आसत...’

‘व्हय म्हाराजा!’ असा आवाज उठला की शेजारच्या बोटींवरची माणसं बाहेर डोकावली.

‘ह्या नव्या शिडाक बरो वारो दी, म्हाराजा!’

‘व्हय म्हाराजा!’ सगळ्यांत मोठा आवाज नारळवाल्याचा. इतका आनंद मला गावच्या जत्रेतही झाला नव्हता.

आता शेवटची मागणी. ती मी पेडण्याहूनच ठरवून आणली होती. पोरीक घराक परत हाड, म्हाराजा. मी तोंड उघडलं आणि तिच्याकडे पाहिलं. शिडाचा दोर धरून ती उभी होती. बोटांना सुईचे घट्टे पडलेले, ओठांवर ‘व्हय’ तयार. मी काहीही मागितलं असतं तरी ती ‘व्हय’च म्हणाली असती. आणि देवासमोर म्हटलेलं तिने मोडलं नसतं, पोर माझीच आहे.

‘ही माजी पोर,’ मी म्हटलं. ‘शिडां शिवता. हिचां घर आता हंय, ह्या बंदरात आसा. हिका हंयच सुखान ठेव, म्हाराजा!’

सगळे ‘व्हय म्हाराजा’ म्हणून ओरडले. पोर मात्र हसतही होती आणि रडतही होती. मग तिच्या वाट्याचं ‘व्हय’ तिच्या आईने म्हटलं.