कुसुमची वेणी आणि माझी चपडी

“बाई, हिच्या डोक्यावर हे काय उगवलंय?”

कॅमेऱ्यामागून आवाज आला आणि अख्खा फ्लोअर माझ्याकडे बघायला लागला. पन्नासच्या दशकातली गोष्ट. मी अंधेरीच्या एका स्टुडिओत हेअर ड्रेसर होते. कोणाच्या डोक्यावर काही उभं राहिलं, गळलं, विस्कटलं की जबाबदार मी. पुढे होऊन कॅमेऱ्यातून बघितलं, तर खरंच की! कुसुमच्या पाठमोऱ्या डोक्यावर बोट-बोटभर केस ताठ उभे होते आणि बॅकलाइटमध्ये एकेक वेगळा चमकत होता. बॅकलाइट म्हणजे माणसाच्या पलीकडून, कॅमेऱ्याच्या दिशेने टाकलेला दिवा. त्याने केसांना छान चंदेरी कड येते. पण एकही तुटका केस त्याच्यापासून लपत नाही.

कुसुम म्हणजे आमच्या हिरॉइनचे केस. हसू नका, खरंच सांगते. हिरॉइनचे स्वतःचे केस जेमतेम खांद्यापर्यंत. पिक्चरमध्ये मात्र तिची वेणी गुडघ्यापर्यंत हवी होती, कारण गोष्टच त्या वेणीभोवती फिरत होती. म्हणून चेहरा दिसेल तेव्हा हिरॉइन आणि पाठ दिसेल तेव्हा जोगेश्वरीच्या चाळीतली ही एकोणीस वर्षांची मुलगी. वडील गिरणीत होते, ते छातीच्या दुखण्याने घरी बसले. आता घर चालत होतं ते या वेणीवर.

“दोन शॉट राहिलेत,” प्रॉडक्शन मॅनेजर गुप्ते म्हणाले. “हिरॉइन तीन आठवडे आउटडोअरला. ती आली की घ्यायचे. तोवर हे डोकं ठीक करा, नाहीतर मी मढची एक मुलगी बघून ठेवलीय. केस हिच्यापेक्षा लांब आहेत.”

“आणि कंटिन्युइटी?” मी विचारलं. कंटिन्युइटी म्हणजे आधीच्या शॉटमध्ये जे जसं होतं, तसंच पुढच्या शॉटमध्ये दिसणं.

“पाठच तर दिसणार आहे, बाई! पाठीला कोण ओळखतंय?”

कुसुम तिथेच उभी होती. पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. 

मेकअप रूममध्ये तिला बसवलं आणि विंचरलं. फणीत आलेले केस उजेडात धरले. आमच्या धंद्यात पहिली पारख हीच. मुळापासून गळलेल्या केसाच्या टोकाला पांढरा बारीक ठिपका असतो. तसे केस रोज थोडेफार सगळ्यांचेच जातात, त्याची काळजी नको. हिच्या केसांना ठिपकाच नव्हता. मधूनच तुटलेले होते. वेणीही मनगटाएवढी होती, ती दोन बोटांवर आली होती.

“काय करतेस गं घरी? खरं सांग.”

“काही नाही ताई. खोबरेल लावते. शिकेकाईने न्हाते.”

“ओले केस विंचरतेस?”

“थोडेसे.”

झालं! मला गुन्हेगार सापडला. ओला केस ताणला की लांबतो आणि मग तुटतो. मी तिला यादीच दिली. ओल्या केसांना फणी लावायची नाही. आधी बोटांनी गुंता सोडवायचा, मग मोठ्या दातांचा कंगवा, तोही खालच्या टोकापासून वर वर जात. न्हायच्या आधी तेल. पंचाने खसाखसा पुसायचं नाही, नुसतं टिपायचं. ती मान डोलवत राहिली. मी आपली खूश.

हिरॉइन नव्हती तरी गर्दीच्या सीनसाठी कुसुम रोज यायची. आठवड्याने परत बघितलं तर डोकं आणखी बिघडलेलं. केस हाताला सुंभासारखे लागत होते आणि टोकं फुटून झाडूसारखी झाली होती. माझं डोकंच फिरलं.

“अगं, मी काय भिंतीशी बोलले का? तुला काम नकोय का?”

तेव्हा ती रडायलाच लागली. “ताई, मी घरी गेले की आई रोज डोक्यावरून आंघोळ करायला लावते. त्याशिवाय चुलीकडे येऊ देत नाही. संध्याकाळी ऊन नसतं, केस वाळत नाहीत. मग तशीच ओली वेणी घालून झोपते.”

“रोज?”

“शूटिंगच्या दिवशी रोज.”

रविवारी मी सरळ जोगेश्वरी गाठली. कुसुमची आई मोठी करारी बाई. मला चहा दिला, पण लांबून. कोकणातून येऊन वीस वर्षं झाली तरी बोलणं गावचंच होतं, मुलीला ‘चेडू’ म्हणायची.

“माझा चेडू थंय जाता ता पोटासाठी,” ती म्हणाली. “पण डोक्यार पाणी घेतल्याबिगर मी तिका चुलीकडे येवक देवचंय नाय. थंय कोण कोण तिच्या केसांका हात लावतत!”

“मीच लावते,” मी म्हटलं. “दुसरं कोणी नाही. मीसुद्धा दोन पोरांची आई आहे.”

तिने मान डोलावली. मला वाटलं, बाजी मारली. आता समजावते की रोज न्हाणं केसांना कसं वाईट. तेवढ्यात तीच माझ्यावर उसळली.

“आणि तुमी तो काय चिकटो लावतास? शिकेकाईन सुटना नाय तो! मगे काय करू? धुण्याचो सोडो घालतंय.”

मी कप खाली ठेवला.

तिचा चिकटा म्हणजे माझी चपडी. चपडी म्हणजे लाख, फर्निचरला पॉलिश करतात तीच. स्पिरिटमध्ये विरघळवून, अत्तराच्या बाटलीला असतो तसल्या रबरी फुग्याने आम्ही ती केसांवर उडवायचो. बॅकलाइटमध्ये एकही केस हलू नये म्हणून. साध्या पाण्याने ती निघत नाही, सोड्याने निघते. पण सोडा केसाचा सगळा ओलावा आणि तेल ओढून घेतो, वरचं आवरण खरखरीत करतो. म्हणजे सकाळी मी पॉलिश करत होते आणि संध्याकाळी आई पॉलिश खरवडत होती. मधल्यामध्ये पोरीच्या केसांची वाट लागली होती. तेल विचारलं, फणी विचारली, आईला मनातल्या मनात नावं ठेवली. माझी बाटली मात्र मला एकदाही आठवली नाही. लाज वाटली हो मला, अगदी आतून.

तसं मी आईला सांगून टाकलं. “आई, चूक माझी आहे. सोडा तुम्ही घातलात, पण घालायला मी लावलं.”

असं काही ऐकायची तिला सवय नसावी. तिने माझा खाली ठेवलेला कप उचलला. मग उठली आणि यावेळी चहा माझ्या हातात दिला.

आमचं ठरलं. मी चपडी बंद करायची, निखाऱ्यावर तापवलेला चिमटाही बंद. केस बसवायला अळशी उकळून, गाळून तिचा चीक लावायचा. तो नुसत्या पाण्याने जातो. आईने सोडा बंद करायचा. न्हाणं आठवड्यातून एकदा, सकाळी, उन्हात केस वाळतील असं. इतर दिवशी आंघोळ गळ्याखालून.

“आणि डोक्याचा काय?” तिने विचारलं.

 उत्तरही तिनेच काढलं. “तुळशीचा पाणी शिंपडीन,” म्हणाली. विषय मिटला.

फुटलेली टोकं कापावी लागतील म्हटल्यावर मात्र तिचा चेहरा उतरला. न कापली तर केस आणखी वर फाटत जातो, हे समजावून सांगितलं. शेवटी तिने तोंड भिंतीकडे केलं आणि हात पुढे धरला. मी कुसुमचे चार बोटं केस कापले ते त्या हातावर ठेवले. तिने ते नेऊन फळीवरच्या बिस्किटांच्या डब्यात टाकले. डबा उघडला तेव्हा मी बघतच राहिले.

डबाभर गुंतवळ! गुंतवळ म्हणजे विंचरताना फणीत येणारे केस. कुसुम लहान असल्यापासूनचे सगळे, गुंडाळ्या करून ठेवलेले. बाईचे केस उकिरड्यावर टाकू नयेत म्हणून.

“आई,” मी म्हटलं, “हा डबा मला द्या.”

“कित्याक?”

“गंगावन करू.”

वेणीत घालायचं गंगावन बाजारातही मिळत होतं. पण ते दुसऱ्याचे केस. बॅकलाइटमध्ये त्यांचा रंग वेगळा पडतो. हे तिचेच होते. अडचण एकच. प्रत्येक केसाला दिशा असते. मुळाकडून टोकाकडे बोटं फिरवली तर गुळगुळीत, उलट फिरवली तर खरखरीत. उलटसुलट केस एकत्र आले की गाठी पडतात. म्हणजे एकेक लांब केस बोटांतून ओढून दिशा लावायची. आई आणि मी तीन दुपारी त्या खोलीत बसलो. कुसुमचे वडील खाटेवरून बघायचे आणि म्हणायचे, “तांदूळ निवडतास काय गो?” आई लहानपणी अबोलीचे वळेसर, म्हणजे विणलेले गजरे, करायची. माझ्या दोन जुड्या होईपर्यंत तिच्या पाच व्हायच्या. शेवटी दोऱ्यात सगळं ओवलंही तिनेच, वळेसराच्या पद्धतीने. माझी पद्धत तिला पसंत नव्हती.

तीन आठवड्यांनी हिरॉइन परतली. कुसुमचे केस एव्हाना हाताला केसांसारखे लागत होते. जाडी मात्र तीन आठवड्यांत परत येत नाही. कोणी येते म्हणालं तर विश्वास ठेवू नका. जाडी आणि लांबी भरून काढली ती गंगावनाने. उभ्या केसांवर अळशीचा चीक चोपला आणि तिला दिव्यापुढे उभी केली.

फ्लोअरच्या दाराशी मढची मुलगी गुप्त्यांनी आणून बसवली होती. तिचा काय दोष? तीही बिचारी पोटासाठीच आलेली. पण त्या दिवशी मी तिच्याकडे बघितलं नाही.

कॅमेरामन डोळा लावून बसले. एक दिवा वर घेतला, खाली घेतला. कुसुमच्या मानेवर घाम दिसत होता.

“बाई,” ते म्हणाले, “चपडी नवीन आणली का? फार चांगली आहे.”

“हो,” मी म्हटलं. “जोगेश्वरीची आहे.”

दोन्ही शॉट पहिल्या टेकमध्ये ओके झाले. गुप्त्यांनी पुढच्या पिक्चरसाठी कुसुमचं नाव तिथल्या तिथे लिहून घेतलं. मढच्या मुलीलाही गर्दीच्या सीनमध्ये घेतलं, तेवढं बरं झालं.

पिक्चर लागला तेव्हा मी कुसुमला आणि तिच्या आईला घेऊन गेले. आईने थिएटरात कधी पाय ठेवला नव्हता. डोक्यावरून पदर घेऊन, अंग चोरून बसली. पडद्यावर ती वेणी आली, गुडघ्यापर्यंत, कडेने चंदेरी. मागच्या रांगेतला एकजण म्हणाला, “हिरॉइनचे केस बघ रे, झकास!”

आई ताडकन उभी राहिली.

“हिरॉइनचे नाय!” अख्ख्या थिएटरला ऐकू जाईल असं ती म्हणाली. “ते केस माझ्या चेडवाचे आसत!”

लोक “बसा, बसा” ओरडले. कुसुमने तिला पदर धरून खाली ओढलं. दोघी हसत होत्या आणि डोळेही पुसत होत्या. मीही.

त्यानंतर मी वीस-बावीस वर्षं हेच काम केलं. केस तुटतात म्हणून कोणी आली की तेल, साबण, फणी सगळं विचारायचे, पण त्याआधी स्वतःच्या टेबलावरच्या बाटल्या बघून घ्यायचे. चपडीची बाटली मी परत आणली नाही. आणि घरोघरच्या आयांना एकच सांगत आले, पोरीला नंतर रागवा, आधी तिची ओली वेणी सोडून केस वाळू द्या.