बिरदेवची घासायची मशीन

बिरदेव माझ्या ऑफिसात कधी खुर्चीवर बसला नाही. बस म्हटलं तरी उभ्यानंच बोलायचा. बोलता बोलता खिडकीपाशी जायचा, कडी ढिली झालीय म्हणायचा, आणि ती नीट बसवण्यात अर्धा तास घालवून, आलेलं काम विसरून निघून जायचा. घर धनगराचं. बाप मेंढरांमागं वर्षाचे आठ महिने चालत असे. पोरानं मेंढरं सोडली, ढोकीला साखर कारखान्याचं बांधकाम निघालं तिथं फळ्या ठोकायला लागला आणि बघता बघता सुतार झाला. मेंढरं सुटली, पायाची भिंगरी काही सुटली नाही.

मी तिथल्या सुतार-लोहार सहकारी सोसायटीत कारकून. लोक मला भाऊसाहेब म्हणत आणि मीही स्वतःला जरा जास्तच भाऊसाहेब समजत असे. पुढं जे घडलं त्यात माझ्या त्या समजाचाही वाटा आहे, म्हणून आधीच सांगून टाकतो.

सोसायटी निघाली दुष्काळात, त्र्याहत्तर साली. सभासदांची यादी करायच्या दिवशी हा गडी कुठं, तर उमरग्याला! हायवेवर ट्रकच्या बॉड्या कशा बांधतात ते बघायला गेला तो चार दिवस तिकडंच. मग त्याची बायको अयोध्या खडी फोडायच्या कामावरून तशीच आली आणि रजिस्टरात अंगठा देऊन गेली. तेव्हापासून सुतार तो आणि सभासद ती. हे मी त्याला चिडवायला नेहमी वापरत असे, पण तो हसून सोडून द्यायचा.

करवत, रंधा, पटाशी याचं. लाकूड घासायचं काम अयोध्याचं. फळी मांडीवर घ्यायची, डाव्या हातानं दाबून धरायची आणि उजव्या हातात काचपेपर घेऊन घासत राहायचं, हात फिरवला तर कुठं कुसळ लागू नये इतकं. बिरदेवच्या कपाटांचं पंचक्रोशीत नाव होतं ते त्या घासकामामुळं. नाव मात्र बिरदेवचं.

शहाऐंशी साली पुन्हा विहिरी आटल्या, आणि त्याच साली सोसायटीनं कळंब रस्त्याला बारा शेड बांधले. पत्र्याचं छप्पर, सिमेंटची जमीन, आणि मुख्य म्हणजे वीज. तेरा वर्षं लिंबाखाली काम करणाऱ्याला हे शेड म्हणजे काय होतं, ते मी सांगायला नको. अयोध्याचं नाव यादीत बारावं लागलं. तेरावा होता बलभीम लोहार, आणि तो कुणाची तरी अडचण व्हायची वाट बघत रोज ऑफिसासमोरून जायचा.

फॉर्म भरताना मी अयोध्याचा अंगठा घेतला. उजवा. पुरुषाचा डावा, बाईचा उजवा, असं मला माझ्या आधीच्या भाऊसाहेबांनी शिकवलं होतं आणि मी ते कधी कुणाला विचारलं नव्हतं. कागदावर उमटला तो काळा गोळा. पुसून पुन्हा घेतला. पुन्हा गोळा. तिचा अंगठा उजेडात धरून पाहिला तर त्यावर एक रेघ नाही. काचपेपरनं लाकडाबरोबर तोही गुळगुळीत करून टाकला होता.

जिल्ह्याच्या ऑफिसातून फॉर्म परत आला. शेरा होता, ठसा जुळत नाही, वाटपाच्या दिवशी बाईंना समक्ष हजर करा, मूळ रजिस्टर आणून पडताळणी होईल. ठसा न जुळल्यास शेड पुढच्या नावाला. वाटप येरमाळ्याच्या येडाईच्या यात्रेनंतरच्या सोमवारी. हाताशी अडीच महिने.

दवाखान्यातल्या कंपाउंडरला विचारलं. तो म्हणाला, घासणं बंद करा, कातडी नवी येईल आणि रेघाही येतील, जशा होत्या तशाच. मी ते बिरदेवला सांगितलं. तो खिडकीपासून दारापर्यंत आणि दारापासून खिडकीपर्यंत चार वेळा गेला.

"मंग घासायचं कुणी? बोर्डिंगचे साठ टेबल अंगावर हायती."

"तू घास की."

त्यानं घासलं, नाही असं नाही. दीड दिवस. दुसऱ्या दिवशी दुपारी माझ्याकडं आला तेव्हा हाताला फोड आलेले आणि डोळे लाल. "भाऊसाहेब, ही काय माणसाची कामं हायती व्हय? एका जागी बसून बसून डोस्कं फिरतंय." तेरा वर्षं त्याच्या घरात एक माणूस तेच करत होतं, हे त्या क्षणी त्याच्या ध्यानात आलं नाही. खरं सांगायचं तर माझ्याही आलं नाही. "म्या मशीन करतो," तो म्हणाला आणि पायऱ्या उतरूनसुद्धा गेला.

त्यानंतर त्या माणसाला झोप नव्हती आणि तो दुसऱ्यालाही झोपू देत नव्हता. गावात वीज होती पण कधी येईल आणि कधी जाईल याचा नेम नव्हता. गुंडाप्पांच्या मळ्यातली विहीर कोरडी पडल्यानं त्यांचं ऑइल इंजिन नुसतं झाकून ठेवलेलं होतं. गुंडाप्पा वयानं वडीलधारे. बिरदेव त्यांच्या ओट्यावर जाऊन उभाच राहिला.

"आप्पा, पाणी न्हाय तर इंजान काय पूजेला ठेवलंय? मला द्या अडीच महिनं."

"नेतूस तर ने. मोडलंस तर नवं आणून दे, मातर."

बैलगाडीतून इंजिन लिंबाखाली आलं. मोडक्या कडबाकुट्टीचा आस आणि बेअरिंगं आणली. बाभळीचा जाड ओंडका तासून तासून गोल रूळ केला, त्यावर ट्रकची फाटकी ट्यूब ताणून बसवली आणि वर सरस लावून काचपेपर गुंडाळला. फळ्यांचं टेबल, टेबलाला मधे खाच आणि खाचेतून रूळ बोटभर वर. इंजिनापासून रुळापर्यंत पट्टा. लाकूड वरून सरकवायचं की झालं, असं तो सांगायचा.

कसलं झालं! पहिल्या दिवशी हँडल मारलं, इंजिन धडधडलं आणि काचपेपर रुळावरून सुटून लिंबाच्या फांदीला जाऊन लटकला. सरस तापून पातळ झाला होता. बिरदेवनं रुळाला लांबीभर चर पाडली, कागदाची दोन्ही टोकं एकावर एक चढवून तीत खुपसली आणि पाचर ठोकली. दुसऱ्या खेपेला कागद टिकला, पण रूळ इतक्या जोरात फिरला की टेबलाची फळी करपली. साठ टेबलांपैकी एकाच्या छातीवर काळा पट्टा. गावातली माणसं बघायला जमायची, चार शब्द ऐकवायची आणि जायची. मी स्वतः म्हणालो, बिरदेव, भाकरी भाजायला बरी आहे ही. तो हसला नाही. रात्रीतून लाकडाची मोठी पुली करून त्यानं रुळाला लावली, वेग उतरवला.

इंजिन थंड ठेवायला पाणी लागायचं. टँकर तिसऱ्या दिवशी यायचा. मला वाटलं, आता ही बाई भांडेल. पण अयोध्यानं रांगेत उभं राहून आणलेल्या पाण्यातले दोन हंडे उचलून इंजिनाच्या पिंपात ओतले. ना कुरकूर, ना कपाळाला आठी. इकडं नवरा पिसाटासारखा फिरतोय, तिकडं बलभीम दिवस मोजतोय, आणि ही निवांत! हिला शेडचं काही पडलेलंच नाही असं मला वाटे आणि तिचा रागही येई.

तिसऱ्या अडचणीनं तर बिरदेव पार खचला. रूळ नीट फिरे, पण फळी लावली की कागदाची कड उचके आणि टरकन फाटे. पाच दिवस तो तेच करत होता. कागद, पाचर, हँडल, टर्र. सहाव्या दिवशी मी तिथं होतो. बिरदेवनं पाना फेकून दिला आणि "जाऊ दे, म्या जातो उमरग्याला" म्हणत पायात वहाणा घातल्या. अयोध्या जवळ आली, रुळाकडं बघत राहिली.

"अवं, तुमी पटका बांधताय तसा कागद गुंडाळलाय," ती म्हणाली. "रूळ फिरतोय उलट्या अंगानं. पदर म्होरं येतोय, मंग उचकणार न्हाय तर काय?"

जन्मभर उजव्या अंगानं पटका बांधणाऱ्याचा हात दुसरीकडं वळलाच नव्हता. बिरदेवनं वहाणा काढल्या. इंजिनाच्या पट्ट्याला मधे फुलीसारखी आढी दिली, तसा रूळ उलटा फिरू लागला. मग तो टेबलाच्या पलीकडं उभा राहिला आणि तिकडून फळी सरकवली. पिवळा भुसा उडाला. फळी बाहेर आली ती काचेसारखी. अयोध्यानं तिच्यावरून तळहात फिरवला, दोनदा, आणि पुढची फळी उचलून दिली. बिरदेव मात्र गावभर सांगत सुटला.

महिनाभरात साठच्या साठ टेबलं झाली. कडा तेवढ्या हातानं घासाव्या लागत, त्या बिरदेव उभ्या उभ्या घासायचा आणि शिव्या द्यायचा. तो दर चार दिवसांनी अयोध्याला ऑफिसात आणायचा आणि मी कोऱ्या कागदावर तिचा उजवा अंगठा घ्यायचो. आधी गोळा, मग गोळ्यात पुसटशा भेगा, मग रेघा. यात्रेच्या आदल्या दिवशी तर असा लख्ख ठसा आला की बिरदेवनं तो कागद घडी करून खिशातच घातला.

सोमवारी जिल्ह्याचे साहेब आले. सोबत मूळ रजिस्टर आणि भिंग. अकरा जणांचं वाटप झालं. मग अयोध्या पुढं आली, मी ऐटीत शाईची पाटी सरकवली आणि तिचा उजवा अंगठा कागदावर टेकवला. साहेबांनी भिंग लावलं. रजिस्टर बघितलं, कागद बघितला, पुन्हा रजिस्टर बघितलं.

"ठसा स्वच्छ आहे," ते म्हणाले. "पण हा तो नव्हे. ही बाई ती बाई नाही."

दारात उभ्या बलभीमनं टोपी सारखी केली. बिरदेव तर टेबलावरच आला. "न्हाय कशी? माझी बायकू हाय ती! सायेब, अडीच महिनं झोपलो न्हाय म्या! मशीन केली मशीन, ह्या अंगठ्यापायी!" त्याचा आवाज फाटला होता. साहेब मागं सरकले, शिपाई पुढं झाला.

"सायेब," अयोध्या म्हणाली, "ह्यो घ्या." आणि तिनं डावा हात पुढं केला.

साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. मी शाईची पाटी पुन्हा सरकवली. डाव्या अंगठ्याचा ठसा घेतला. साहेबांनी भिंग लावलं आणि लगेच काढलं. जुळत होता, रेघेला रेघ. रजिस्टरातल्या जुन्या ठशाखाली फिकट झालेली अक्षरं होती, 'नि. डा. हा. अं.', निशाणी डाव्या हाताचा अंगठा. साहेबांनी ती मला मोठ्यानं वाचायला लावली. सगळ्यांसमोर.

"खडीवर असताना हातोडा बसला हुता उजव्या अंगठ्यावर," अयोध्या म्हणाली. "चिंधी बांधलेली. मंग डावाच दिला."

शेड तिच्या नावावर झाला. बलभीम निघून गेला. साहेब रजिस्टर बांधायला लागले तेव्हा मला राहवलं नाही.

"अयोध्याबाई, तुम्हाला हे आठवत होतं?"

"व्हय."

"मग आधी का नाही बोललात? अडीच महिने हा माणूस जिवाचं रान करतोय!"

ती नवऱ्याकडं वळली.

"म्या तवाच बोलले असते," ती म्हणाली, "तर तुमी मशीन केली असती का?"

बिरदेवनं खिशातला तो घडी घातलेला कागद बाहेर काढला होता, साहेबांना दाखवायला. तो तसाच त्याच्या हातात राहिला. मग तो मागं सरकला आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच माझ्या खुर्चीवर बसला, आणि बराच वेळ उठला नाही.