तिनाचा आठ

गल्लीच्या तोंडाशी एक शटर, आत एक टेबल आणि टेबलावर पोट उघडून पडलेले गाड्यांचे रेडिओ: मिस्त्रीचं दुकान म्हणजे एवढंच. तीस वर्षं तो जुन्या गाड्यांचे रेडिओ काढत-बसवत आला होता. पत्र्याच्या दोन वाकवलेल्या पट्ट्या फटीत सरकवून, कुठे ओरखडा न येऊ देता तो रेडिओ असा अलगद ओढायचा, की गिऱ्हाइकाला वाटावं, हा आपणहूनच बाहेर आला. मिस्त्रीचे हात बोलतात, असं लोक म्हणत. त्याला ते ऐकायला आवडायचं.

गेल्या वर्षापासून मात्र लोक दारातूनच विचारू लागले, "वहिनी आहेत ना?"

वहिनी म्हणजे त्याची बायको. टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झाली, चार महिने घरात कंटाळली आणि वेळ जावा म्हणून दुकानात येऊन बसू लागली. कोपऱ्यातली खुर्ची तिनं स्वतःच पुसून घेतली. तेव्हा मिस्त्रीला बरंच वाटलं होतं.

बिनसलं ते कोडपासून. गाडीसोबत कंपनीतूनच आलेला रेडिओ दुसऱ्या गाडीत बसवला की तो कुलूप लावून बसतो. चार आकडी कोड दिल्याशिवाय तोंड उघडत नाही. रेडिओच्या पत्र्यावरचा लांबलचक नंबर कंपनीच्या सुट्या भागांच्या काउंटरवर कळवायचा, मग तिथला माणूस कोड सांगतो. मिस्त्रीनं फोन केला की तिकडून हमखास 'परत सांगा', नाहीतर 'उद्या करा'. बायकोनं पहिल्यांदा फोन लावला आणि दहा मिनिटांत कोड कागदावर. तिसऱ्या फोनला तर त्या माणसानं तिच्या गुडघेदुखीची चौकशी केली.

मग बटणं दाबायचा मानही तिच्याकडे गेला. मिस्त्री अर्धा दिवस मान मोडून वायरी जोडायचा. ती येऊन चार बटणं दाबायची, रेडिओ बोलू लागायचा आणि गिऱ्हाईक म्हणायचं, "वहिनी, कमाल केलीत." जणू वायरी आपोआप जुळल्या होत्या. "अहो, काम सगळं यांचंच," असं ती म्हणायचीही. ते त्याला जास्त झोंबायचं. उरलंसुरलं ताटात वाढल्यासारखं.

अशात एकदा दातांचे डॉक्टर त्यांची वीस वर्षांची गाडी घेऊन आले. रेडिओ कायमचा मुका झाला होता. निळे दिवे लागणारा नवा रेडिओ त्यांना नको होता. जुन्या तोंडात चकचकीत दात बसवला की माणसाआधी दात दिसतो, असं त्यांचं म्हणणं. मिस्त्रीनं तीन भंगारवाले पालथे घातले आणि अगदी तसाच रेडिओ शोधून आणला. तो खाचेत नीट बसला, तेव्हा त्याला वाटलं, या वेळी तरी डॉक्टर आपल्याकडे बघून बोलतील.

बायकोनं तोवर कोड मिळवला होता. पेन्सिलीनं चिठ्ठीवर लिहून, चिठ्ठी टेबलावर ठेवून ती चहा सांगायला गेली. दोन, शून्य, तीन, एक. इंग्रजी आकडे. इंग्रजी तिनाची दोन्ही उघडी तोंडं मिटवली की आठ होतो. दोन बारीक रेघांचं काम. मिस्त्रीनं ठरवलं वगैरे काही नव्हतं. पेन्सिल जवळच होती.

ती आली, गाडीत बसली, चिठ्ठी बघून बटणं दाबली. रेडिओनं कोड चूक असल्याचं दाखवलं. दुसऱ्यांदा तिनं सावकाश दाबली. तिसऱ्यांदाही तसंच, कारण आपल्या अक्षरावर तिचा विश्वास होता. तीन चुकांनंतर रेडिओ अडून बसला. आता तासभर तो चालूच ठेवायचा, तेव्हा कुठे पुन्हा संधी.

"होतं असं कधीकधी, वहिनी," म्हणत डॉक्टर बँकेतलं काम उरकायला गेले. तिची मान खाली गेली. मिस्त्रीला हेच बघायचं होतं. दोन मिनिटं फार बरं वाटलं.

मग तो तिच्या शेजारच्या सीटवर येऊन बसला, तर ती डावा कान चोळत होती.

"अठ्ठावीस वर्षं हेडफोन याच कानावर होता," ती म्हणाली. "एक्स्चेंजमधल्या दोघींचं बहिरेपण असंच सुरू झालं. आधी आकडे चुकायला लागले." मग म्हणाली, "अहो, तुम्ही हळूच आकडे म्हणा बरं. मी उजवा कान दाबते."

तो म्हणू लागला. सहा, दोन, नऊ. तिनं बरोबर सांगितले. त्यानं आवाज आणखी उतरवला. ती डोळे मिटून, तोंडी परीक्षेला बसलेल्या मुलीसारखी एकेक आकडा परत देत गेली. एकही चुकला नाही. तरी चेहरा काही निवळला नाही. समोरासमोरचं वेगळं आणि फोनवरचं वेगळं, असं ती पुटपुटली. यापुढे कोड तुम्हीच घेत जा, मी नाही त्या फोनला हात लावणार, असंही म्हणाली.

म्हणजे दुकान परत त्याचं झालं होतं. फक्त गप्प बसायचं होतं. पण थोड्या वेळानं काउंटरला पुन्हा फोन करावाच लागणार, तिकडून 'तीन' असं येणार, आणि आपला कान गेला याची तिला खात्रीच पटणार.

"कान ठीक आहे तुझा," तो शेवटी म्हणाला. "तू तीनच लिहिला होतास. आठ मी केला."

तिनं चिठ्ठी उजेडात धरली.

"जळायचं होतं तर माझ्या तोंडावर जळायचं," ती म्हणाली. "कानाला कशाला हात घातलात?"

डॉक्टर परतले, तेव्हा तिनं एवढंच सांगितलं की काय झालं ते हे सांगतील. मिस्त्रीनं फडक्याला हात पुसत पुसत सांगितलं. डॉक्टरांनी दोघांकडे पाहिलं आणि लग्नाला किती वर्षं झाली, ते विचारलं.

"तेहतीस."

"मग अजून रुळायचंय," डॉक्टर म्हणाले.

ती हसली नाही. तिनं बटणं दाबली आणि रेडिओतून कुणीतरी उद्याचं हवामान सांगू लागलं. डॉक्टरांनी ते पूर्ण ऐकलं आणि गाडी काढली. त्या गडबडीत आभार कुणाचेच मानायचे राहिले.

संध्याकाळी तिनं दुसऱ्या एका रेडिओचा नंबर त्याच्यासमोर ठेवला आणि फोनही सरकवला.

"तुम्ही लावा. मी शेजारी बसते."

"तुझ्यासारखा आवाज नाही मला."

"आवाज लागत नाही. समोरच्याला लिहायला वेळ द्यावा लागतो. दोन-दोन आकडे सांगायचे आणि थांबायचं."

तीस वर्षं तो सगळा नंबर एका दमात ओतत आला होता, पोतं रिकामं करावं तसा. त्यानं फोन लावला. पलीकडे घंटी वाजू लागली आणि मिस्त्रीच्या मनात आलं, इतकी साधी गोष्ट हिला कधीपासून माहीत होती. ते पुन्हा झोंबलं. तरी त्यानं पहिले दोन आकडे सांगितले आणि तो थांबला.