निम्मा श्वास समुद्राचा

नर्मदाकाठच्या शहरात, गोहलपुरात, लेथ मशीनवर हयात काढलेले श्यामसुंदर वैरागडे न्यूमोनियातून उठले आणि ज्यांनी जीव वाचवला त्यांचे आभार मानायला निघाले. वॉर्डातल्या बेबी सिस्टरसाठी साडी नेली. लिफ्ट बंद असताना ऑक्सिजनचा सिलेंडर खांद्यावरून वर चढवणाऱ्या अंबादासला तर ओमतीच्या भर रस्त्यात मिठी मारली. पुन्हा मोकळा श्वास घेता येतो, याचंच त्यांना अप्रूप वाटे.

मुलगी क्षमा गोव्याहून सुट्टीवर आली होती. तिथल्या प्रयोगशाळेत ती समुद्रातल्या सूक्ष्मजीवांवर काम करायची. ती हसून म्हणाली, "बाबा, एकाचे आभार राहिलेच की. जगातला जवळजवळ निम्मा ऑक्सिजन समुद्रातले, डोळ्यांना न दिसणारे जीव बनवतात."

"मजाक करून राहिली का?"

"नाही हो. चला माझ्यासोबत, दाखवते."

साठी उलटली तरी त्यांनी समुद्र पाहिला नव्हता. ते गेले. क्षमाने होडीतून जाऊन बारीक जाळीने पाणी गाळून आणलं, त्यातला थेंब काचेवर ठेवला. श्यामसुंदर सूक्ष्मदर्शकावर वाकले ते वाकलेच. कुणी काचेच्या डबीसारखे, कुणी साखळीसारखे, सोनेरी-हिरवट जीव तरंगत होते.

"हवेतला कार्बनही हेच ओढून घेतात," क्षमा सांगत होती. "मेले की त्यातला थोडा तळाशी जातो. नाहीतर धरती आणखी तापली असती. उरलंसुरलं जिवाणू कुजवतात, त्याचं पुन्हा खत होतं."

"अच्छा. अन् यांना काही त्रास?"

"पाणी तापून राहिलं, बाबा. मग खालचं खत वर येत नाही. काही ठिकाणी हे कमी होत चाललेत."

"मग यांच्याकडे कोण पाहून राहिलं?"

"आहोत आम्ही थोडे लोक. नेमाने जातो, पाणी आणतो, मोजतो."

पोरगी इतक्या दूर काहून गेली, असं कुणी विचारलं की श्यामसुंदरांना आजवर धड उत्तर देता आलं नव्हतं. त्यांनी त्या थेंबाला हात जोडले. तोंडून आपसूक "नर्मदे हर" निघालं. मग क्षमाच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "बेटा, तू इथं आहेस, लई बरं झालं."

तिचे डोळे भरून आले. त्यांनी मात्र खुर्ची पुढे ओढली. "चलो, दुसरा थेंब दाखव."