धुक्यातली जीप

आमचे शेजारी पूर्वी मोखाड्याहून जव्हारला बस आणायचे. मी त्यांचा रोजचा प्रवासी, पिशवी पायाजवळ ठेवून बसायचो. आता संध्याकाळी ते कड्याजवळच्या खडकांवर रिमोटची वीतभर जीप चालवतात.

तिची चाकं नीट वळत नव्हती. वळवणारी छोटी मोटर, म्हणजे सर्वो, कण्हायची. मी म्हणालो, "जास्त ताकदीचा सर्वो बसवा."

"नको वो. तिचं अडतंय कुठं, ते बघू."

चाकाला घासणारा भाग त्यांनी कानशीने तासला आणि सर्वोवर ताण नको म्हणून रिमोटवर चाकांचं वळण पाच टक्के कमी केलं. उभ्या गाडीची चाकं तर ते कधीच वळवत नाहीत.

काल जीप अगदी कड्यापाशी गेली आणि धुकं उतरलं. काहीच दिसेना. मी धावणार, तोच ते म्हणाले, "थांबा भाऊ. ऐकू द्या."

डोळे मिटून ते ऐकत राहिले. सर्वो कण्हला की बोट सैल करायचे, जीप जराशी मागे घ्यायचे, मग वळवायचे. बऱ्याच वेळाने धुक्यातून दोन पिवळे दिवे हळूहळू आमच्याकडे आले आणि त्यांच्या पायाशी थांबले.

डोळे न उघडताच ते म्हणाले, "जव्हार आलं. उतरा सावकाश."

मी पायाजवळ माझी पिशवी चाचपली.