आतनं उघडणारी दारं

ब्याण्णव-त्र्याण्णवला मी पुण्यात शरीरक्रियाशास्त्रात एमएस्सी करत होते. तोंडी परीक्षेत एकदा नापास झालेली. शनिवारी सणसरला घरी जाताना बारामतीत एसटी बदलायची आणि स्टँडजवळच्या मटणाच्या दुकानातून बोकडाचं हृदय घ्यायचं, घरी नीट कापून बघायला. दुकानदाराचं नाव मी कधी विचारलं नाही, मामाच म्हणायचे. हृदय हातात आलं की उभं चिरायची त्यांना सवय. मी दिसले की सुरी हवेतच थांबायची. "ह्ये अख्खं द्यायचं. बाई अभ्यासाच्या हायेत."

एकदा ते मीच त्यांच्या नळाखाली धुवायला घेतलं. वरच्या जाड नळीत पाणी सोडलं, तर ते आत जाईना. उसळून माझ्याच तोंडावर आलं. मामा गदगदून हसले.

"तितनं न्हाय जायचं, बाई! ती भाईर पडायची वाट हाय. दारं आतनं ढकलली तरच उघडत्यात."

हृदयाच्या झडपांचा धडा मला पाठ होता. समजला त्या दिवशी.

पुढच्या तोंडी परीक्षेत नेमकं तेच विचारलं आणि घाबरून मी मामांचंच वाक्य बोलून बसले, त्यांच्याच भाषेत. परीक्षकांनी चष्मा काढला.

"कुठल्या पुस्तकात आहे हे?"

"बारामतीत, सर. मटणाच्या दुकानात."

हसता हसता ते पुढचा प्रश्नच विसरले.

पास झाल्यावर पेढे घेऊन गेले. हात भरलेले म्हणून मामांनी सरळ तोंडच उघडलं. पेढा संपवून एक हृदय उचललं आणि या वेळी न थांबता उभं चिरलं.

"आता तरी शिजवून खावा, बाई. लई दिस नुसतं बघताय!"